आमदारांसाठी कागद कोण वाचतो?

मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरात निघाली की आपल्या शिरोळ तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर ती फिरायला लागते. मग दोन-चार पोरं हमखास विचारतात, "सर, हे नक्की काय असतंय? आमदारांच्या हाताखाली काम करायला मिळतं का? विधानभवनात बसायला मिळतं का?"

उत्तर आहे, नाही. ती फेलोशिप सरकारची आहे, विधिमंडळाची नाही. हा फरक बारीक वाटतो, पण आपल्या गावाच्या पुरापर्यंत येऊन पोचतो. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे हे नाव सांगलीत लठ्ठे एज्युकेशन सोसायटीमुळे लोकांना माहीत आहे. पण हा माणूस कुरुंदवाडचा, हे आपल्यातल्याच किती जणांना माहीत असेल? जन्म १८७८ चा. एम. ए., एलएल. बी. झालेले. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या स्थापनेत पुढे होते, राजाराम कॉलेजात शिकवत होते, पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले. राजर्षी शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्र त्यांनी १९२४ मध्ये लिहिलं. आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा लठ्ठे अर्थमंत्री झाले.

यातली एक गंमत बघा. त्या वेळी कुरुंदवाड पटवर्धनांचं संस्थान होतं, मुंबई प्रांतात नव्हतं. म्हणजे कुरुंदवाडचा माणूस मुंबईच्या सभागृहात अर्थसंकल्प मांडत होता आणि कुरुंदवाडच्या लोकांना त्या सभागृहासाठी मत द्यायचा हक्कच नव्हता. तो हक्क यायला मार्च १९४८ चं विलीनीकरण आणि पुढची घटना यावी लागली.

लठ्ठ्यांच्या पुढचं कोडं सोपं नव्हतं. काँग्रेसने दारूबंदीचं वचन दिलं होतं आणि सरकारचं मोठं उत्पन्न दारूवरच्या अबकारीतून येत होतं. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. मग खड्डा भरायचा कशाने? शहरातल्या स्थावर मालमत्तेवर कर बसवला. घरमालक चिडले, प्रकरण हायकोर्टात गेलं, कोर्टाने कर वैध ठरवला. आज आपण याला सरळ भाषेत म्हणू, माणसाने गृहपाठ केला होता. पण लठ्ठे मंत्री होते. त्यांच्या दिमतीला अर्थखातं होतं, सेक्रेटरी होते, आकडे काढून देणारे कारकून होते. समोरच्या बाकावर बसून त्याच कराला विरोध करणाऱ्या साध्या सदस्याकडे काय होतं? स्वतःचं डोकं, फार तर लायब्ररी.

हा तोल तेव्हापासून असाच आहे. मंत्र्याकडे अख्खं खातं असतं. प्रश्न विचारणाऱ्याकडे एक फाईल आणि एक स्वीय सहायक.

आपल्या भागाचा दुसरा दाखला देतो. निमशिरगावचे रत्नाप्पाण्णा कुंभार घटना समितीचे सदस्य होते, याचा आपल्याला अभिमान आहे. घटना समितीत मोठमोठी माणसं होती. तरी त्या सभागृहाला कागद वाचून देणारी वेगळी माणसं लागलीच. बी. एन. राव यांना १९४६ मध्ये घटनात्मक सल्लागार नेमलं. जगातल्या घटना चाळून त्यांनी टिपणं काढली, ऑक्टोबर १९४७ मध्ये पहिला कच्चा मसुदा तयार केला. पुढे मसुदा समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो घासूनपुसून, बदलून, सभागृहात एकेका कलमासाठी भांडून घटना उभी केली. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी काय केलं? राव यांचं श्रेय दिलं, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जींचं श्रेय दिलं, आणि मुखर्जींच्या हाताखाली रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांचीही आठवण काढली. बाबासाहेबांइतका वाचलेला माणूस त्या सभागृहात दुसरा दाखवणं अवघड. त्यांनाही मदतीचे हात लागले आणि ते सांगताना त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता महाराष्ट्र विधिमंडळाकडे येऊ. आपल्याकडे स्वतः वाचून येणाऱ्या आमदारांची मोठी परंपरा आहे. प्रा. एन. डी. पाटील सरांना आपण कोल्हापूरकरांनी जवळून बघितलंय. १८ वर्षं विधानपरिषदेत, नंतर एक टर्म कोल्हापूरमधून विधानसभेत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, एसटीने फिरणारा आमदार म्हणून त्यांची ओळख होती. जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवायचे. आणि तासगाव भागातले वि. स. पागे, विधानपरिषदेचे सभापती. रोजगार हमीची कल्पना त्यांनी आपल्या भागात अजमावून बघितली, लावून धरली, आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. देशाने तशा धर्तीचा कायदा केला तो २००५ मध्ये.

ही सगळी माणसं वेगवेगळ्या विचारांची. वाचनाची सवय मात्र सगळ्यांची सारखी. पण व्यवस्था अशा माणसांच्या भरवशावर चालवायची का, हा माझा प्रश्न आहे. एन. डी. सर काय दर पाच वर्षांनी निवडून येत नसतात.

आमदाराचं काम आज काय झालंय ते आपण बघतोच. सकाळी सातपासून दारात माणसं. कुणाची बदली, कुणाचं ॲडमिशन, कुणाचा ट्रान्सफॉर्मर जळालाय, कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या घरी मयत. मयताला नाही गेलं तर मत गेलं. मग अधिवेशन लागतं. वर्षात तीन अधिवेशनं, दोन मुंबईत आणि हिवाळी नागपूरला. तारांकित प्रश्न काही आठवडे आधी द्यायचे. लक्षवेधी सूचना, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, अशासकीय विधेयक, ही सगळी हत्यारं नियमावलीत आहेत. पण हत्यार चालवायला धार लागते, आणि धार म्हणजे माहिती. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांचा गठ्ठाच एवढा असतो की वाचायला आठवडा जाईल. चर्चेसाठी तेवढे दिवस मिळत नाहीत.

अशा वेळी आमदारांना मदत कोण करतं? स्वीय सहायक. त्याचा पगार सरकार देतं आणि तो बिचारा फोन, पत्रं आणि दौरा यातच बुडालेला असतो. विधानभवनात ग्रंथालय चांगलं आहे, तिथले कर्मचारी मागितलेला संदर्भ काढूनही देतात. पण मागायचं काय, हे आधी कुणाला तरी सुचायला लागतं. बाकी मग प्रश्न येतात कुठून? बरेचदा आमच्यासारखे पत्रकार बातमी देतात, तिचं कात्रण प्रश्नाला जोडलं जातं. कार्यकर्ते देतात. आणि कधी कधी ज्याचा फायदा-तोटा गुंतलेला आहे असा ठेकेदार, कंपनी किंवा संस्थाच तयार प्रश्न आणून देते. वीसेक वर्षं बातमीदारी केल्यावर मला यातलं नवल वाटत नाही. पण ते बरं आहे असंही म्हणवत नाही.

हा आजार सगळीकडचा आहे, त्यावर औषधंही करून बघितली गेलीत. अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाच्या राज्यात १९०१ मध्ये चार्ल्स मॅकार्थी नावाच्या माणसाने विधिमंडळासाठी संदर्भ ग्रंथालय चालू केलं. सदस्याने विषय सांगायचा, यांनी इतर राज्यांत, इतर देशांत काय कायदे आहेत ते शोधून, मसुदा करून द्यायचा. पक्ष विचारायचा नाही. कॅलिफोर्नियाने १९५७ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. कॉलेज संपलेल्या तरुणांना पगार देऊन साधारण ११ महिने आमदारांच्या आणि समित्यांच्या कार्यालयात बसवायला सुरुवात केली. त्यामागे जेसी अन्रू नावाचे आमदार होते, ते पुढे तिथल्या सभागृहाचे स्पीकर झाले. आज ती फेलोशिप त्यांच्याच नावाने चालते. तिथून निघालेल्यांपैकी काही पुढे स्वतः निवडून आले.

तिथलाच उलटा दाखलाही सांगतो. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या लोकांनी मतदान करून आमदारांच्या कारकिर्दीवर मर्यादा घातली आणि विधिमंडळाच्या खर्चाला मोठी कात्री लावली. राजकारण्यांची खोड मोडली म्हणून लोक खूश. झालं काय, तर अनुभवी कर्मचारी सोडून गेले. नवा आमदार, नवे सहायक, आणि कायद्याची खडान्‌खडा माहिती असलेला उरला तो कंपन्यांचा पगारी दलाल. तिथले बरेच अभ्यासक आजही हे उदाहरण देतात.

भारतात दिल्लीच्या पीआरएस या संस्थेने २०१० पासून लॅम्प नावाची फेलोशिप चालू केली. पंचविशीच्या आतले पदवीधर एकेका खासदाराबरोबर पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत काम करतात. प्रश्न तयार करायचे, विधेयकावर टिपण काढायचं, भाषणाला आकडे पुरवायचे. खासदार कुठल्याही पक्षाचा असू शकतो. महिन्याला मानधन मिळतं. चांगला उपक्रम आहे. पण तो संसदेसाठी आहे, दिल्लीत राहावं लागतं आणि कारभार बहुतेक इंग्रजीत.

आणि आपल्या राज्यात? मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली. २१ ते २६ वयाचे, पदवीला ६० टक्के असलेले, वर्षभराचा कामाचा अनुभव असलेले तरुण. परीक्षा, निबंध, मुलाखत. निवड झालेले मंत्रालयात, जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत काम करतात. २०२३ मध्ये ६० जागा होत्या आणि प्रवासखर्च धरून महिना ७५ हजार. योजना वाईट नाही. यातून बाहेर पडलेल्या पोरांशी मी बोललोय, कारभार आतून कसा चालतो हे त्यांना चांगलं कळलेलं असतं.

पण बघा, वाचणारे तरुण हात पुन्हा मिळाले कुणाला? ज्याच्याकडे आधीच अख्खं खातं आहे त्याला. प्रश्न विचारणाऱ्याच्या वाट्याला काय आलं? विधिमंडळात नागपूरला हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाचा अभ्यासवर्ग भरतो. विद्यापीठांतले राज्यशास्त्राचे विद्यार्थी येतात, नेत्यांची भाषणं ऐकतात, गॅलरीतून कामकाज बघतात, फोटो काढून परत येतात. ओळख म्हणून छान. पण आठवडाभरात कुणी कागद वाचायला शिकत नाही.

दुसरी गोष्ट. २०१९ च्या शेवटी राज्यात सरकार बदललं आणि २०२० मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप बंद पडली. सत्ता पुन्हा बदलल्यावर २०२३ मध्ये परत सुरू झाली. म्हणजे मधल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्या पोरांचं वय निघून गेलं. त्यांचा दोष काय? चूक कुणाची ते तुमच्या-तुमच्या पक्षाप्रमाणे ठरवा. मला दिसतं ते एवढंच, की जी योजना एका खुर्चीच्या नावाने चालते ती खुर्चीबरोबर हलते.

याहून मोठा धडा दिल्लीचा आहे. दिल्ली विधानसभेने स्वतःचं संशोधन केंद्र काढलं आणि पगारी फेलो नेमले. हेच ते, आपली पोरं विचारतात तसं काम. आमदारांना आणि समित्यांना अभ्यास करून द्यायचा. जुलै २०२३ मध्ये नायब राज्यपालांच्या मंजुरीने दिल्ली सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांतल्या सुमारे ४०० फेलो आणि सल्लागारांना काढून टाकलं, त्यात विधानसभेचे फेलोही गेले. कारण दिलं की पूर्वमंजुरी घेतली नव्हती आणि आरक्षणाचे नियम पाळले नव्हते. आम आदमी पक्ष म्हणाला हे राजकारण आहे. प्रकरण कोर्टात गेलं. कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवू. खोलीभाडं भरून राहणारी पंचविशीतली पोरं एका आदेशाने घरी गेली आणि त्यांचं काम तिथंच थांबलं. आरक्षणाचा मुद्दा मात्र खरा आहे, कुणीही काढलेला असो. सार्वजनिक पैशातून पद भरायचं तर नियम आधी, नेमणूक नंतर.

आता हे सगळं कुरुंदवाडला का सांगतोय?

आपण कृष्णा-पंचगंगेच्या काठावरची माणसं. २००५, २०१९, २०२१, तीन महापूर आपण अंगावर काढलेत. दर पावसाळ्यात अलमट्टीचं नाव निघतं. अलमट्टीची पाणी साठवायची पातळी आज ५१९.६० मीटर आहे आणि कर्नाटकला ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे. ब्रिजेश कुमार लवादाचा निवाडा २०१० चा, त्यावरचा पुढचा अहवाल २०१३ चा. २०१९ च्या पुरानंतर वडनेरे समिती नेमली, तिचा अहवाल २०२० मध्ये आला. समितीने त्या पुराचा ठपका अलमट्टीवर ठेवला नाही. पाऊस, नदीपात्रातली अतिक्रमणं अशी कारणं पुढे केली. आपल्या भागातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांना ते पटलेलं नाही.

हे सगळे कागद आहेत. हजारो पानं. चौकातल्या कट्ट्यावर आपण अलमट्टीवर तासभर बोलू शकतो, पण लवादाने पूर्ण पातळीबद्दल नक्की काय लिहिलंय, वडनेरे समितीच्या कुठल्या शिफारशीवर किती खर्च झाला, कुठली तशीच पडून आहे, हे विचारलं तर आपल्यातले किती जण सांगतील? आणि सभागृहात आपले आमदार, ते कुठल्याही पक्षाचे असोत, उभे राहतील तेव्हा त्यांना हे कोण सांगणार? मंत्र्याच्या मागे अधिकाऱ्यांच्या गॅलरीत पाटबंधारे खात्याचे अधिकारी चिठ्ठ्या घेऊन बसलेले असतात. "हे खरे आहे काय?" या प्रश्नाला "हे अंशतः खरे आहे" असं उत्तर येतं आणि विषय संपतो. त्या 'अंशतः' वर पुढचा उपप्रश्न टाकायला आकडा लागतो. तो आकडा आदल्या रात्री कुणीतरी काढून ठेवलेला असावा लागतो.

शिरोळचाच एखादा पदवीधर, ज्याच्या घरात २०१९ ला छपरापर्यंत पाणी होतं, तो हे काम किती जीव लावून करेल याचा विचार करा.

खर्चाचं म्हणाल तर साधा हिशेब मांडू. विधानसभेचे २८८ आणि विधानपरिषदेचे ७८, एकूण ३६६ सदस्य. प्रत्येकाला एक फेलो, महिना ४० हजार धरा. वर्षाचे झाले साधारण साडेसतरा कोटी. एका आमदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. म्हणजे चार आमदारांच्या निधीपेक्षा कमी पैशात अख्ख्या विधिमंडळाला वाचणारी माणसं मिळतील. समाजमंदिरं, पेव्हिंग ब्लॉक, हायमास्ट दिवे यांच्याबद्दल मला राग नाही. पण तुलना करून बघा.

पैसे द्यायलाच हवेत, हेही सांगतो. फुकट इंटर्नशिप ज्याचं मुंबईत घर आहे त्यालाच परवडते. कुरुंदवाडच्या, अब्दुललाटच्या, दत्तवाडच्या पोराला मुंबईत खोली, जेवण, लोकल यांचा खर्च निघाला पाहिजे. नाहीतर फेलोशिप पुन्हा पुण्या-मुंबईच्या इंग्रजी कॉलेजांतच राहील. आणि आपल्या विधिमंडळाचं कामकाज मराठीत चालतं. सातबारा, गावठाण, ऊसदराची एफआरपी, पाणीपट्टी, हे शब्द आपल्या पोरांना शिकवावे लागत नाहीत. ही आपली जमेची बाजू आहे.

माझं मागणं मोठं नाही. एक, फेलोशिप विधिमंडळाची असावी, मुख्यमंत्र्यांची नको आणि आमदारांची खासगीही नको. नेमणूक विधिमंडळ सचिवालयाने करावी, म्हणजे सत्ता बदलली तरी ती चालू राहील. दोन, सत्ताधारी आणि विरोधी, दोघांना सारखे फेलो. तीन, आरक्षणासह निवडीचे नियम आधी छापावेत आणि जिल्हावार जागा ठेवाव्यात. चार, फेलोने पक्षाच्या प्रचाराचं काम करायचं नाही आणि आमदाराने ते सांगायचं नाही. निवडणुकीच्या वर्षात याच अटीची खरी परीक्षा होईल, हे मला माहीत आहे.

काही जण म्हणतील, आमदाराला वाचायचंच नसेल तर फेलो देऊन काय उपयोग? रास्त शंका आहे. फेलो दिला म्हणून प्रत्येक आमदार अभ्यासू होणार नाही. पण आज ज्याला अभ्यास करायचाय त्याच्याकडेही माणूस नाही. आणि फेलो दिल्यावर "माहिती मिळाली नाही" हे कारण तरी उरणार नाही. मग आपण मतदारही विचारू शकतो, साहेब, या अधिवेशनात आपल्या पुराबद्दल काय विचारलंत?

तोपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या तालुक्याचे पाच प्रश्न कागदावर नीट लिहून काढू. आकडे, तारखा, शासन निर्णयाचे क्रमांक यांसह. कॉलेजातल्या पोरांनी पुढे यावं, पूरग्रस्तांनी आपले पंचनाम्याचे कागद आणावेत, आम्ही पत्रकार जुनी कात्रणं काढून देतो. ते पाच प्रश्न आमदारांच्या हातात देऊ आणि सभागृहात त्यातले किती आले ते याच ठिकाणी लिहू.

तुमच्या मते पहिला प्रश्न कोणता असावा? खाली कमेंटमध्ये लिहा. नुसतं "अलमट्टी" लिहू नका, नक्की काय विचारायचं ते लिहा.